वेगवेगळ्या ताकदीच्या सायकलस्वारांची सामूहिक सराव राइड कशी आखावी

सोसायटीतला, कार्यालयातला किंवा व्यायामशाळेतला एखादा गट रविवारी सकाळी एकत्र सायकल चालवायचे ठरवतो, तेव्हा त्यात तीन-चार वर्षे नियमित चालवणारे, रोड बाइकवर सपाट रस्त्याला ताशी ३० किलोमीटर सहज राखणारे दोघे-तिघे असतात. हायब्रिडवर, म्हणजे रोड बाइक आणि डोंगरी सायकल यांच्या मधल्या प्रकारच्या सायकलवर, जमेल तेव्हा चालवणारे चार-पाच जण असतात आणि महिन्याभरापूर्वीच सायकल घेतलेले दोन-तीन नवखे असतात. अशा गटाचे पुढे बहुधा दोनपैकी एक होते. पहिल्या दहा किलोमीटरांतच गट फुटतो, नवखे एकटे मागे राहतात आणि पुढच्या रविवारी येत नाहीत. किंवा सगळे जण सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने चालतात, मग मुरलेल्यांचा सराव होत नाही आणि महिन्याभरात ते आपापले वेगळे निघू लागतात. दोन्ही गोष्टी टाळता येतात. मात्र त्यासाठी राइड कोठे एकत्र चालवायची आणि कोठे प्रत्येकाला मोकळे सोडायचे, हे निघण्यापूर्वी ठरलेले असावे लागते.

या लेखात उदाहरणासाठी पुण्याचा स्वारगेट–खडकवासला–डोणजे–सिंहगड हा रस्ता घेतला आहे. सपाट रस्ता, धरणाकाठचा वळणावळणाचा भाग आणि शेवटी दम काढणारा घाट असे सगळे एकाच राइडमध्ये त्यावर मिळते. इतर गावांतल्या आयोजकांनी आपल्याकडचा तसा रस्ता डोळ्यांपुढे ठेवून वाचावे.

सपाटीवर एकत्र, चढावर मोकळे

सगळे नियोजन या एका गोष्टीभोवती फिरते, म्हणून तिच्यामागचे कारण नीट समजून घ्यावे. सपाट रस्त्यावर ताशी २८–३० किलोमीटरच्या वेगाने जाताना सायकलस्वाराची बहुतांश ताकद हवेचा रोध तोडण्यात खर्च होते. पुढच्या सायकलच्या मागे, चाकाजवळ राहून चालवणाऱ्याला हा रोध कमी लागतो आणि त्याची साधारण पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. त्यामुळे एकटा ताशी २४ किलोमीटरच्या वर टिकू न शकणारा माणूस, दोन दमदार स्वारांच्या मागे राहून ताशी २७–२८ किलोमीटरने बराच वेळ जाऊ शकतो. पुढच्यांना कष्टाचा सराव मिळतो, मागच्याला वेगाचा, आणि दोघे एकाच रांगेत असतात.

घाटात ताशी आठ-दहा किलोमीटरने चढताना हवेचा रोध नगण्य होतो आणि खरी लढाई गुरुत्वाकर्षणाशी असते. तिथे कोणाच्या मागे राहून काही वाचत नाही. डोणज्याहून सिंहगडाच्या वाहनतळापर्यंतचा रस्ता सुमारे ९ किलोमीटरचा असून चढ सुमारे ६०० मीटरचा आहे. स्वार आणि सायकल मिळून वजन ८५ किलो धरले, तर सातत्याने २०० वॉट ताकद लावणारा हा घाट पाऊण तासाच्या आसपास चढतो आणि १२० वॉट लावणाऱ्याला न थांबताही सव्वा तासाच्या वर लागतो. हा फरक अर्ध्या तासाचा आहे आणि तो जिद्दीने किंवा पुढच्याच्या आरडाओरड्याने भरून निघत नाही. दमदार स्वाराला नवख्याच्या वेगाने चढायला लावले तर त्याचा सराव वाया जातो. नवख्याला दमदाराच्या वेगाने चढायला लावले तर तो तिसऱ्या वळणावर उतरून सायकल ढकलू लागतो. म्हणून सपाटीवर बांधून ठेवावे आणि चढावर सोडून द्यावे.

माणसांची माहिती आधी घ्यावी

“तुमचा वेग किती?” हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण नवख्याला त्याचे उत्तर माहीत नसते आणि मुरलेला आपला सर्वांत चांगला दिवस आठवून सांगतो. त्याऐवजी गेल्या महिन्यात एका दमात सर्वांत लांब किती चालवली व त्याला किती वेळ लागला, कात्रजचा जुना घाट जुन्या बोगद्यापर्यंत न उतरता चढता येतो का, आणि सायकल कोणती व तिचे टायर किती रुंद, हे विचारावे. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. जाड खाचांचे टायर असलेल्या एमटीबीवर (डोंगरी सायकलवर) आणि २८ मिलिमीटर टायरच्या रोड बाइकवर तोच माणूस तेवढ्याच मेहनतीत सपाटीला ताशी चार-पाच किलोमीटरच्या फरकाने चालतो. अशा वेळी माणूस हळू नसून सायकल जड असते.

रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा हृदयाचा त्रास आहे का, चालू औषधे कोणती, रक्तगट कोणता आणि घरच्या कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, ही माहितीही घ्यावी. ती सर्वांसमोर न विचारता आयोजकाने प्रत्येकाकडून स्वतंत्रपणे घ्यावी आणि ती राइडच्या दिवशी लीड (सर्वांत पुढे चालणारा) व स्वीप (सर्वांत शेवटी चालणारा) या दोघांकडेच असावी. चाळिशी ओलांडलेल्या आणि अनेक वर्षांनी व्यायाम सुरू करणाऱ्या माणसाने घाटाच्या राइडपूर्वी डॉक्टरांना एकदा दाखवून घ्यावे, हे आग्रहाने सांगावे.

यानंतर पहिली राइड फक्त चाचणीची ठेवावी. स्वारगेटहून खडकवासला धरणापर्यंत जाऊन परत येणे, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर, यासाठी पुरेसे आहे. या राइडमध्ये वेगाकडे फार लक्ष न देता सरळ रेषेत चालवता येते का, एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने पाणी पिता येते का, मागे वळून पाहताना सायकल रस्त्याच्या मध्यभागी जाते का, आणि गिअर चढ सुरू होण्यापूर्वी बदलला जातो की पाय अडकल्यावर, हे पाहावे. गटात चालवण्याची लायकी ताकदीपेक्षा या गोष्टींवर जास्त ठरते. ताशी ३२ किलोमीटरने जाणारा पण वाकडातिकडा चालवणारा स्वार गटाला नवख्यापेक्षा अधिक धोकादायक असतो, आणि त्याला हे समजावून सांगण्याचा संकोच आयोजकाने करू नये.

एका रांगेत आठ-दहांपेक्षा अधिक स्वार नसावेत. संख्या त्याच्या वर गेली की दोन गट करावेत आणि त्यांना ‘फास्ट’ व ‘स्लो’ अशी नावे देऊ नयेत. ‘२६ चा गट’ आणि ‘२० चा गट’ असे सपाटीवरच्या वेगावरून म्हणावे, म्हणजे आपण कोणत्या गटात बसतो हे येणाऱ्यालाच कळते आणि कोणाला कमीपणा वाटत नाही.

रस्ता निवडताना

चांगल्या सराव-रस्त्यावर मधूनच परत फिरण्याची सोय असते. स्वारगेट–सिंहगड रस्त्यावर खडकवासला आणि डोणजे फाटा या दोन ठिकाणांहून ज्याला जमत नाही त्याला त्याच रस्त्याने मागे फिरता येते. स्वारगेट–कोंढवा–बोपदेव घाट–सासवड–दिवे घाट–हडपसर ही सुमारे ६० किलोमीटरची फेरी सुंदर आहे, पण बोपदेव घाट चढून सासवडकडे उतरल्यावर थकलेल्याला परतायचे म्हटले तरी पुन्हा कोणता तरी घाट ओलांडावाच लागतो. म्हणून मिश्र गटाला ती पहिल्या महिन्यात देऊ नये.

पुण्यातल्या आयोजकांनी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला मनाई आहे, त्यामुळे लोणावळ्याची राइड जुन्या महामार्गानेच आखावी. दुसरे म्हणजे खेड शिवापूरकडून परतताना कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार गटाने कधीही घेऊ नये. तिथे जड वाहनांचे ब्रेक निकामी होऊन वारंवार मोठे अपघात झाले आहेत. थोडा चढ जास्त पडला तरी कात्रजच्या जुन्या घाटानेच यावे.

रस्त्यावर पहाटे सहाला उघडी असलेली, स्वच्छ स्वच्छतागृह असलेली जागा कोठे आहे, हे आयोजकाने स्वतः आधी जाऊन पाहिले पाहिजे. कोणत्या पेट्रोल पंपावरचे स्वच्छतागृह त्या वेळी कुलूपबंद नसते, कोणत्या हॉटेलवाल्याची हरकत नसते, हे माहीत असावे. गटातल्या महिला दोन राइडनंतर का येत नाहीत याचे कारण अनेकदा वेग किंवा ताकद नसून एवढेच असते, आणि त्या ते बोलून दाखवत नाहीत. थांबा आखताना या गोष्टीला चहाच्या टपरीच्या आधी स्थान द्यावे.

सिंहगड रस्त्यावर रविवारी उशीर परवडत नाही. पावसाळ्यात सकाळी नऊ-दहानंतर खडकवासला चौपाटीपासून पुढे मोटारींच्या रांगा लागतात आणि घाटातून उतरणे त्रासाचे होते. साडेपाच-पावणेसहाला निघायचे तर हिवाळ्यात पहिला सव्वा तास अंधारात जातो, कारण जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पुढे पांढरा व मागे लाल दिवा नसलेल्याला त्या दिवशी सोबत घेऊ नये. हा नियम पहिल्याच राइडला पाळला तर पुढे कोणी दिवा विसरत नाही.

लीड आणि स्वीप

पुढे चालणारा तो लीड आणि सर्वांत शेवटी चालणारा तो स्वीप. रस्ता माहीत असलेला आणि वेग एकसारखा राखू शकणारा माणूस लीड असावा. स्वीप मात्र गटातल्या सर्वांत दमदार दोघा-तिघांपैकी आणि स्वभावाने शांत असा निवडावा. पंक्चर झालेल्याजवळ वीस मिनिटे थांबून नंतर त्याला आपल्या मागे घेऊन गट गाठून देणे, हे ताकदवान माणसालाच जमते. सर्वांत हळू चालणारा आपोआप शेवटी राहतो म्हणून त्यालाच स्वीप समजणे ही सर्रास होणारी चूक आहे, कारण त्याचेच काही बिघडले तर मागे कोणीच उरत नाही. स्वीपची जबाबदारी दर आठवड्याला बदलावी, नाहीतर एकाच सज्जन माणसाचा सराव कायमचा बुडतो.

स्वीपच्या पिशवीत पंप, टायर काढण्याचे पट्टे, पॅच आणि गोंद, अॅलन चाव्या, चेन जोडण्याची कडी, थोडे प्रथमोपचाराचे सामान आणि सुटे पैसे असावेत. ट्यूब मात्र प्रत्येकाने आपल्या चाकाच्या मापाची स्वतः आणावी. रोड बाइकला बहुधा प्रेस्टा, म्हणजे बारीक तोंडाचा, व्हॉल्व्ह असतो आणि रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पाइप त्यावर बसत नाही. पितळेचा छोटा अॅडॉप्टर जवळ असला की तोच पंक्चरवाला दोन मिनिटांत हवा भरून देतो. तो किरकोळ किमतीला मिळतो, म्हणून प्रत्येकाने एक आपल्या व्हॉल्व्हच्या टोपीऐवजी लावूनच ठेवावा.

आदल्या रात्रीचा संदेश

राइडची माहिती आदल्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत गटावर टाकावी. संदेश असा असावा: “रविवारी स्वारगेटहून बरोबर ५:४५ ला निघू, ५:३० ला जमावे. २० चा गट आणि २६ चा गट डोणजे फाट्यापर्यंत एकत्र, सपाटीवर वेग २२–२४. तिथून २० चा गट घाटाला लागेल. २६ चा गट अर्धा तास पानशेत रस्त्याला फिरून मग घाटाला लागेल. दोन बाटल्या पाणी, एक ट्यूब, दिवे, हेल्मेट आवश्यक. दहापर्यंत स्वारगेटला परत. लीड व स्वीप कोण ते खाली दिले आहे. येणाऱ्यांनी नाव लिहावे.” वेग, वाट, वेळ आणि कोठे वेगळे व्हायचे, एवढे चार मुद्दे त्यात स्पष्ट असले की सकाळी रस्त्यावर उभे राहून चर्चा करावी लागत नाही.

निघण्यापूर्वीची दहा मिनिटे

जमल्यावर प्रत्येकाच्या सायकलवरून लीडने एकदा हात फिरवावा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून पाहावी, म्हणजे ब्रेक आणि हँडलचा हेडसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) दोन्हींची परीक्षा होते. चाक झटकन काढता येण्यासाठी असलेला क्विक रिलीजचा दांडा घट्ट आहे का ते पाहावे. टायर दाबून हवा पाहावी. २८ मिलिमीटर टायरला साधारण ७० ते ८० पीएसआय आणि हायब्रिडच्या ३५ मिलिमीटर टायरला ५० ते ६० पीएसआय हवा असावी. नवख्यांच्या सायकलींत सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे कमी हवा आणि खाली ठेवलेली सीट. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा थोडासाच वाकलेला राहील इतकी सीट वर घेतली, तर त्याच माणसाला पुढचे पन्नास किलोमीटर हलके जातात आणि गुडघेही दुखत नाहीत.

मग दोन मिनिटांत सूचना सांगाव्यात. यात एक वाक्य कधी वगळू नये, कारण प्रत्येक नवख्याच्या मनात तो प्रश्न असतो आणि विचारायचे धाडस फार थोड्यांना होते. “काका, मी खूप मागे पडलो तर?” असे एखाद्याने विचारलेच, तर “तुमच्या मागे स्वीप आहे, तुम्ही थांबलात की तो थांबेल, आणि प्रत्येक ठरलेल्या थांब्यावर तुम्ही येईपर्यंत आम्ही निघणार नाही,” एवढे स्पष्ट सांगावे आणि ते पाळावे. शेवटचा माणूस थांब्यावर पोहोचला की लगेच बाकीचे निघाले, असेही होता कामा नये. ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत जास्त, त्याला ती मिळतच नाही. शेवटचा आल्यानंतर पाच मिनिटे मोजून मगच निघावे.

रांगेत चालवणे

शहरात एकामागे एक अशा एकेरी रांगेतच चालवावे. खडकवासल्याच्या पुढे रस्ता मोकळा असला तरी दोघे शेजारी चालवण्याचा मोह नवख्या गटाने टाळावा. पुढच्या चाकापासून सुरुवातीला एक सायकल अंतर ठेवावे आणि सवय झाली की ते कमी करावे.

रांगेतला सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की आपले पुढचे चाक पुढच्या स्वाराच्या मागच्या चाकाच्या बाजूला, त्याला ओलांडून पुढे जाऊ देऊ नये. पुढच्याने खड्डा चुकवायला वीतभर बाजू घेतली तरी त्याचे चाक मागच्याच्या चाकाला घासते. पुढच्याला साधा धक्काही जाणवत नाही आणि मागचा मात्र हँडल वळून क्षणात खाली येतो. डोळे पुढच्या चाकावर खिळवून ठेवले की हे होते, म्हणून नजर पुढच्याच्या खांद्यावरून पलीकडच्या रस्त्यावर ठेवावी. गतिरोधक, खड्डा, वाळू, कुत्रा, मागून येणारी पीएमपी बस, हे सारे मोठ्याने सांगावे आणि हाताने दाखवावे. ‘खड्डा डावीकडे’, ‘ब्रेकर’, ‘गाडी मागे’, ‘हळू’ एवढे चार पुकार पुरतात, पण पुढच्याने दिलेला पुकार प्रत्येकाने मागे पोहोचवला पाहिजे. आपल्याकडच्या गतिरोधकांवर पट्टे असतातच असे नाही आणि रांगेतल्या सातव्या माणसाला ते दिसतही नाहीत.

आता रांग फुटते कशी, ते पाहू. गतिरोधकावर लीड हळू होतो, तो ओलांडतो आणि सवयीने लगेच पुन्हा २६ चा वेग घेतो. त्या वेळी दहावा स्वार अजून गतिरोधकाच्या अलीकडेच असतो. तो ओलांडेपर्यंत पुढे पन्नास-साठ मीटरची फट पडलेली असते आणि ती भरायला त्याला काही काळ ताशी ३२–३३ किलोमीटरने पळावे लागते. ताणलेल्या रबरासारखे हे प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक वळणाला, प्रत्येक ब्रेकरला होते आणि स्वारगेट ते खडकवासला या रस्त्यावर असे प्रसंग मोजावेत तितके थोडे आहेत. लीडला वाटते आपण २४ ने चाललो आहोत, आणि शेवटचा मात्र तासभर धावा काढून संपलेला असतो. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावेत. लीडने प्रत्येक अडथळ्यानंतर, स्वीपचा ‘सगळे आले’ हा पुकार येईपर्यंत, पेडल हलके ठेवावे. आणि नवख्यांना रांगेच्या शेपटाला न ठेवता तिसऱ्या-चौथ्या जागी ठेवावे. तिथे वारा लागत नाही आणि रबराचा ताणही फारसा पोहोचत नाही. मिश्र गट टिकवण्यासाठी एकच सुधारणा करायची असेल, तर मी हीच सुचवेन.

पुढे राहण्याच्या पाळ्या सारख्या नसाव्यात. दमदारांनी पाच-पाच मिनिटे पुढे राहावे, मधल्यांनी एक मिनिट आणि नवख्यांनी पुढे जाऊच नये, निदान पहिले काही आठवडे. आपली पाळी यावी म्हणून धडपडत पुढे येणारा नवखा वेग एकदम वाढवतो आणि दोन मिनिटांत स्वतःच गळून पडतो. पाळी संपली की मागे पाहून, कोपराने खूण करून बाजूला व्हावे, पेडल थांबवू नये, आणि रांग पुढे गेल्यावर स्वीपच्या पुढची जागा घ्यावी.

घाट

डोणजे फाट्यावर गट वेगळे होतात. ज्यांना सव्वा ते दीड तास लागणार आहे त्यांनी पाणी पिऊन लगेच घाटाला लागावे. दमदारांनी खानापूरच्या दिशेने पानशेत रस्त्यावर पंधरा मिनिटे जाऊन परत यावे आणि मग चढायला सुरुवात करावी. अशा रीतीने सगळे जण साधारण एकाच सुमारास वर पोहोचतात. मुरलेल्यांना पुढे दिसणाऱ्या माणसाला गाठण्याचा सराव मिळतो, आणि चढताना नवख्याशेजारून ओळखीचा माणूस दोन शब्द बोलून जातो. वर अर्धा तास घामाने भिजून वाऱ्यात कुडकुडत उभे राहण्याची वेळ कोणावर येत नाही. स्वीप मात्र पहिल्या गटाबरोबरच चढतो.

नवख्याला चढाचे तंत्र एकाच वाक्यात सांगावे: पहिले दोन किलोमीटर इतके हळू चढा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. सिंहगडाच्या वरच्या भागात काही वळणांचा चढ चांगलाच तीव्र आहे आणि खालीच दम संपवला तर तिथे मांड्या भरून येतात. सर्वांत हलका गिअर वेळेत टाकावा. उतरावे लागले तर रस्त्याच्या कडेला, वळण सोडून सरळ भागात उतरावे.

वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही मिळते. त्याचा आस्वाद जरूर घ्यावा, पण तुडुंब खाऊन लगेच उतरू नये.

उतरण्याविषयी कठोर राहावे. उतारावर कौशल्यातला फरक चढापेक्षा जास्त धोकादायक ठरतो. चढताना मागे पडलेला तिथे भरून काढू पाहतो आणि अपघात नेमका तिथे होतो. म्हणून उतरताना रांग नसावी, दोघांत किमान पाच-सहा सायकलींचे अंतर असावे आणि कोणीही कोणाला मागे टाकू नये. वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात ब्रेक दाबू नये, आणि दोन्ही ब्रेक थोडा थोडा वेळ दाबून सोडत राहावे. रस्ता अरुंद आहे आणि वर येणारी मोटार वळण तोडून आपल्या बाजूला येऊ शकते, असे धरूनच प्रत्येक वळण घ्यावे. पावसाळ्यात दरडी कोसळून हा घाट अधूनमधून बंद होतो. रस्त्यावर माती व शेवाळ असते. त्या महिन्यांत सिंहगडाऐवजी पानशेत रस्त्यावरची सपाट राइड ठेवणे शहाणपणाचे आहे. तसेच आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते त्या दिवशी दिवे घाटाचा बेत करू नये. तो रस्ता त्या दिवशी वारकऱ्यांचा असतो.

आठवड्याचा सराव

रविवारच्या राइडला जोड म्हणून मंगळवारी किंवा गुरुवारी तासा-दीड तासाची एक राइड ठेवावी आणि ती अंतरावर न आखता वेळेवर आखावी. सगळे एकत्र निघतात, प्रत्येक जण आपापल्या वेगाने ४० मिनिटे जातो, आणि घड्याळात ४० मिनिटे झाली की जिथे असेल तिथून वळतो. वेगवान माणूस १८ किलोमीटरवरून वळतो, नवखा ११ किलोमीटरवरून, आणि वारा व चढ दोन्हीकडे सारखा असेल तर दोघेही साधारण एकाच वेळी परत पोहोचतात. कोणी कोणासाठी थांबत नाही आणि शेवटचा चहा तरीही एकत्र होतो. यात प्रत्येक जण बराच वेळ एकटा असतो, म्हणून ही राइड नेहमी ओळखीच्या, वस्तीच्या रस्त्यावर आणि उजेडातच ठेवावी.

नवख्यांनी एका आठवड्यात अंतर किंवा चढ यांपैकी एकच वाढवावे. लागोपाठ तीन आठवडे वाढवत नेल्यावर चौथा आठवडा हलका ठेवावा. दमदारांनीही मिश्र राइडच्या दिवशी सगळा जोर लावण्याची अपेक्षा ठेवू नये. तो एक दिवस त्यांनी पुढे राहून वारा तोडण्याचा आणि घाट पूर्ण ताकदीने चढण्याचा, एवढ्यापुरता धरावा.

पाण्याचा हिशोब ऋतूप्रमाणे बदलतो. मार्च ते मे या महिन्यांत तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते आणि दोनपैकी एका बाटलीत ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी असावे. राइड दीड तासाच्या वर जाणार असेल तर भूक लागण्याची वाट न पाहता दर पाऊण तासाने केळे, खजूर किंवा राजगिऱ्याची वडी खावी. ज्यांना मधुमेहाची औषधे चालू आहेत त्यांच्या खिशात साखर किंवा ग्लुकोज असल्याची खात्री लीडने निघतानाच करावी.

काही बिघडले तर

पंक्चर झाले की आधी रस्ता सोडून कडेला यावे. स्वीप आणि आणखी एक जण थांबतो, बाकीचे पुढच्या ठरलेल्या थांब्यापर्यंत जातात. दहा जणांनी रस्त्याच्या कडेला घोळका करून एका ट्यूबकडे पाहत उभे राहणे धोक्याचे असते.

कोणी पडले तर पहिल्या माणसाने मागची वाहतूक थोपवावी, दुसऱ्याने पडलेल्याजवळ बसावे आणि तिसऱ्याने फोन करावा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. डोके किंवा मान आपटली असेल तर त्याला घाईने उठवून बसवू नये आणि तो ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी त्या दिवशी त्याला सायकलवर पुन्हा बसू देऊ नये. आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदलावे. रस्त्यात दुसऱ्या कोणाचा अपघात दिसला तर पोलिसांच्या भीतीने पुढे निघून जाऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ नुसार अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे.

राइडनंतर

प्रत्येकाने घरी पोहोचल्याचा संदेश टाकावा आणि यादीतले शेवटचे नाव येईपर्यंत लीडने फोन बाजूला ठेवू नये. त्याच दिवशी दोन-तीन नवख्यांना स्वतंत्रपणे फोन करून कोठे त्रास झाला ते विचारावे. गटावर सगळे ‘मस्त झाली राइड’ असेच लिहितात, आणि हात बधिर होत होते किंवा गोळेवाडीच्या पुढे कुत्र्यांची भीती वाटली, हे फोनवरच कळते.

एखाद्याला २० च्या गटातून २६ च्या गटात घेताना ताकदीबरोबर रांगेतली शिस्तही पाहावी. लागोपाठ तीन राइडमध्ये तो सपाटीवर सहज बोलत असेल, पुकार मागे पोहोचवत असेल आणि चाक चाकाच्या बाजूला नेत नसेल, तर त्याला वरच्या गटात एक राइड करून पाहायला सांगावे, आणि जमले नाही तर पुढच्या आठवड्यात परत येण्यात काही गैर नाही हेही तेव्हाच सांगावे.

तीन-चार महिन्यांनी गटापुढे २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे शर्यत नसलेली पण ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, ठेवता येते. तिची मुदत साडेतेरा तासांची असते, म्हणजे थांब्यांसकट सरासरी ताशी १५ किलोमीटरही पुरते. त्यामुळे मिश्र गटाला ती फार सोयीची आहे. चालताना ताशी २० किलोमीटर राखणाऱ्याला रस्त्यावर दहा तास लागतात आणि खाण्यापिण्यासाठी, पंक्चरसाठी, विश्रांतीसाठी साडेतीन तास उरतात. तिची तयारी करताना आधी १०० आणि मग १५० किलोमीटरची एकेक राइड घ्यावी, आणि त्या दोन्हींमध्ये चालण्याच्या वेळेबरोबर थांब्यांची वेळही वहीत टिपून ठेवावी, कारण ताशी २० च्या वेगाने चालणाऱ्यांची मुदत हुकते ती बहुधा नाश्त्याच्या टेबलावर.